खांद्यावरची साखळी

वस्तूंना वाचा होती, त्या काळची गोष्ट. दाजीबा पाटलांच्या भुऱ्या कुत्र्याची पितळी साखळी दर बाजाराला घासूनपुसून निघायची, पण पाटलांच्या खांद्यावर. भुऱ्या पुढे मोकळाच असायचा. "भिऊ नका, तो काही करत नाही," असं पाटील सगळ्यांना सांगायचे.

त्या दिवशी भुऱ्याने भाजीवाल्या हौसाबाईच्या पोटरीचा लचका तोडला. मेथीच्या जुड्यांवर रक्त उडालं. साखळी थिजलीच. इतक्यात पाटलांनी तिला खांद्यावरून ओढलं आणि तिनेच ते भुऱ्याला झोडपू लागले.

"मालक, माझी जागा त्याच्या गळ्यात होती," साखळी कळवळली.

पाटलांचा हात थांबेना. तेव्हा पोटरी गच्च धरून हौसाबाई म्हणाली, "त्याला कशाला मारता, पाटील? शब्द तुम्ही दिला होता, त्याने नाही."