झिलू घाडी आणि गावाचं व्हय

फार वर्षांपूर्वी, सुरंगाळच्या खाडीवर पूल नव्हता आणि पलीकडे जायचं तर तरीवाल्याला हाक घालावी लागायची, तेव्हाची ही गोष्ट. जवळ सरका, म्हणजे मला ओरडायला नको.

सुरंगाळात तेव्हा कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नसे. लग्न असो, पेरणी असो, नवी होडी लोटायची असो, देवापुढे नारळ ठेवायचा आणि घाडी उभा राहायचा. तो सगळ्यांच्या वतीनं देवाला मागणं सांगायचा आणि त्याच्या दर वाक्यामागून गावानं म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" आता तिथला देव कसा, तर एकट्यादुकट्याचं ऐकायचाच नाही. पण सगळ्या गावानं ज्याला व्हय म्हटलं, ते दिल्यावाचून राहायचा नाही. असं म्हणतात.

म्हातारा घाडी वारला आणि गाऱ्हाण्याचा मान त्याच्या मुलाकडे, झिलूकडे आला. झिलूचा आवाज असा, की नुसता खाकरला तरी माडावरचे सुके नारळ खाली पडत. पण पोराचं सारं आयुष्य म्हशींमागे गेलेलं. बापानं त्याला बरोबर नेलं ते फक्त पेरणीच्या दिवशी. म्हणून त्याला गाऱ्हाणं येई ते एकच, पेरणीचं. पाणी चढू दे, शेतं भरू देत, एका दाण्याचे शंभर होऊ देत.

पहिलं लग्न आलं. झिलू उभा राहिला आणि गरजला, "एकाचे शंभर होवंदेत!" गावाचं लक्ष जेवणाच्या वासाकडे. सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" त्या नवरीला जुळं झालं, मग पुन्हा जुळं, मग तिळं. लोक पोट धरधरून हसले. तिची सासू तेवढी हसली नाही.

मग सगुण तांडेलानं नवी होडी बांधली. सगुणाची आई आवडाय, गावातली सगळ्यात तिखट जिभेची बाई, हळदकुंकू घेऊन काठावर उभी. झिलूनं हात जोडले आणि म्हणाला, "पाणी चढांदे, शेतात शिरांदे!" आणि गाव आपलं सवयीनं, "व्हय म्हाराजा!"

तेव्हा खाडी जी उठली! खारं पाणी अडवायला घातलेला बांध तिनं पापडासारखा मोडला. होडी माणसांच्या डोक्यावरून गेली आणि थेट भाताच्या खाचरात जाऊन बसली. पाणी ओसरलं, पण मीठ राहिलं. सगळी शेतं पांढरी पडली. मिठात काय रुजणार?

आवडाय कमरेवर हात ठेवून झिलूपुढे उभी राहिली. "मेल्या झिलग्या, माझी होडी शेतात काय भात लावूक गेली?"

"आवडाय, बापाशीन शिकवल्यान, ता बोललंय."

लोक त्याच्या अंगावर धावले. तशी ती लोकांकडे वळली. "आणि तुमी रे? व्हय व्हय कोण म्हणत होतो? माझो गोठ्यातलो पाडो?"

सगळे गप्प झाले. आणि त्या दिवसापासून सुरंगाळ गप्पच राहिलं. व्हय म्हणायची माणसांनी धास्तीच घेतली. देवापुढे नारळ ठेवला जाई, झिलू उभा राही, पण मागून आवाज येत नसे. व्हय नाही, तर गाऱ्हाणं पोचत नाही. ठरलेली लग्नं अडली, होड्या वाळूत पडून राहिल्या. आणि ज्येष्ठ जवळ येत होता. मीठ धुवायला पाऊस मागायचा होता. मागणार कोण आणि व्हय म्हणणार कोण? एक पेरणी गेली तर गाव उठून दुसरीकडे जाणार, असं बोललं जाऊ लागलं.

झिलू रडत बसला नाही. तो आवडायच्याच दारात गेला. "आवडाय, तू होडीसाठी काय मागितलं असतंस?"

"तू आधी इचारलंस तर सांगितला असता ना! पोर गेलो तसो परत येवंदे. आणखी काय मागतली पोराची आवस?"

झिलूनं ते मनात धरलं आणि घराघरांतून हिंडू लागला. लगीनघरी विचारलं, तर नवरीची आई म्हणाली, सासरी तिला गरम जेवायला मिळू दे. तो चकित झाला, एवढंसंच? एका घरी माणूस गेलेला. तिथं त्यानं काय काय बोलायचं ठरवलं होतं, पण बाईचं तोंड बघून तो थांबला. नुसतं गेलेल्याचं नाव घेतलं, त्यानं लावलेल्या फणसाचं नाव घेतलं आणि बसून राहिला. ती बाई पहिल्यांदा रडली आणि मग जेवली.

मागणं कळलं, पण आवाजाचं काय? खाडीत एक खडप होती, पाण्यातून वर आलेला खडकच, तिच्यावर बगळे बसत. झिलू तिथं जाऊन बोलू लागला. तोंड उघडलं की बगळे भुर्र. तो रोज जाई. आवाज उतरवी, वाक्य तोडी, मध्ये श्वास घेई. होता होता बगळे मान वळवून ऐकायला लागले, आणि इकडे एकही पंख हलत नसताना पलीकडच्या तीरावर तरीवाल्याला शब्द न् शब्द ऐकू जाई. असं म्हणतात.

पेरणीचा दिवस आला. सगळं गाव पांढऱ्या शेताच्या कडेला उभं, ओठ मिटून. झिलूनं नारळ ठेवला आणि आधी गावाकडे तोंड केलं. "पटल्याबिगर व्हय म्हणू नकात. इचारा." मग देवाकडे वळून हळू बोलला, "बा देवा म्हाराजा, गोडा पाणी येवंदे."

मग आवडाय म्हणाली, "किती?"

"मीठ धुवान जायत इतक्या."

"आणि मगे?"

"मगे थांबांदे."

मागून एकजण ओरडला, "बांध?"

"बांध आमी परत बांधलो हा, तो रवांदे."

"माझी होडी?" सगुण म्हणाला.

"ती हळूच खाडीत जावंदे. आणि गेलेलो पोर परत येवंदे."

आवडायनं डोळे पुसले. तिनं पहिलं व्हय म्हटलं, अगदी बारीक. मग शेजारणीनं म्हटलं, मग बाप्यांनी, मग सगळ्या गावानं, पोटातून, "व्हय म्हाराजा!"

पाऊस आला तो सुरंगाळवरच आला. मीठ धुतलं, बांधाशी येऊन थांबला, आणि होडी गुरासारखी आपली आपण वाट काढत खाडीत उतरली. असं म्हणतात. त्या वर्षीचं भात इतकं गोड झालं, की लोक नुसतं मिठाशिवाय खात.

झिलू पुढे म्हातारा होऊन गेला. पण अजून सुरंगाळात कुणाला चार माणसांपुढे बोलायचं असलं, अगदी शाळेतल्या पोरीला झेंडावंदनाला का असेना, ती आधी झिलूच्या खडपीवर जाऊन बगळ्यांना ऐकवून येते. आणि ऐकणारे? कुणीतरी "आणि मगे?" विचारल्याशिवाय तिथं कशालाच व्हय म्हणत नाहीत.

मागे एक पुढारी आले होते. मंडप, माईक, हार, सगळं होतं. म्हणाले, तुमच्या गावाचं सोनं करून टाकतो! आणि टाळ्यांसाठी थांबले. बायकांच्या पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली. "सोन्यात भात रुजत नाय, बाबा. आणि मगे?"

पुढाऱ्यांनी माईक बाजूला केला, खुर्ची खाली उतरवून घेतली आणि बायकांसमोर बसून म्हणाले, "बरं, तुम्हीच सांगा."

दिवेलागणीपर्यंत सभा चालली. माईक तसाच उभा होता, त्याच्यावर एक बगळा येऊन बसला होता. असं म्हणतात.