हत्तीचा चुकलेला पाय

“हात तयार झाला, हे ओळखायचं कसं, बाबा?”

भानुदासने विचारलं आणि अकरा वह्यांचं गाठोडं ओसरीवर असं आपटलं की कोपऱ्यातली कोंबडी ओरडत पळाली.

कोंडाजीबाबा चित्रकथी. गावोगावच्या देवळांत बसून कथा सांगायची आणि एकेक चित्र लोकांपुढे धरायचं, यात त्यांचा जन्म गेला. त्यांची रेघ पाहायला भानुदास तीन तालुके ओलांडून आला होता. येताना आपला तोरा काही घरी ठेवून आला नव्हता.

बाबांनी एक वही उघडली. नुसते हात. दुसरीत कान. तिसरीत सुरकुत्याच सुरकुत्या.

“सुरेख,” बाबा म्हणाले. “आणि चित्रं?”

“चित्र एकच काढायचंय. आईचं. चार वर्षं त्याचीच तयारी चाललीय.”

“मग काढ की.”

“अजून हनुवटी साधत नाही.”

“आई काय म्हणते?”

भानुदास घुटमळला.

“तिची नजर जात चाललीय... डॉक्टर म्हणतात, दिवाळीपर्यंतच काय ते दिसेल. पण बाबा, कच्च्या हाताने आईचं चित्र काढायचं? माझ्याच्याने नाही व्हायचं ते.”

बाबा उठले. आत जाऊन त्यांनी पोथी आणली, म्हणजे कथेच्या चित्रांचा गठ्ठा. वरचं पान भानुदासच्या हातात दिलं.

रणात उभा हत्ती. भानुदासच्या अंगावर काटा आला. एवढासा कागद, आणि त्यात एवढं जनावर मावलं कसं?

पण चार वर्षांची सवय. डोळा लगेच चूक शोधू लागला.

“हा मागचा पाय चुकलाय, बाबा.”

“चुकलाय.”

“कधीचं चित्र हे?”

“तुझा जन्म व्हायचा होता.”

“आणि तेव्हापासून असंच दाखवताय?”

“देवळात माणसं येऊन बसली होती, लेका. त्यांना काय सांगणार... पाय जमला की या?”

भानुदास हसला. जरा वरचढच हसला. परत देण्यासाठी त्याने पान उलटं केलं.

आणि तसाच राहिला.

इतर चित्रकथी दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवतात. या पानाच्या पाठीवर दुसरं चित्र नव्हतं. तिथे पाय होते. हत्तीचा मागचा पाय, तोच, पुन्हा पुन्हा, कडेपासून कडेपर्यंत. एका कोपऱ्यात कागद सुटला होता. त्याच्याखाली जुना, पिवळा कागद, त्यावरही पाय. त्याच्याखाली आणखी एक...

कथा सांगताना लोकांसमोर हत्ती असायचा. बाबांसमोर हे.

भानुदासच्या अंगठ्याला ओलं लागलं. पाहतो तर शाई. शेवटच्या ओळीतला शेवटचा पाय अजून वाळला नव्हता.

“हा... आजचा?”

“मघाचा. तू यायच्या जरा आधीचा.”

“पण हा जमलाय, बाबा! या पायावर अख्खा हत्ती उभा आहे. आता चित्रातला दुरुस्त करा ना.”

बाबांनी पान सुलटं केलं. हत्तीच्या पाठीवरून हलकेच हात फिरवला.

“नको. त्या दिवशी तो असाच उभा राहिला होता.”

चार वर्षांत इतकं मोठं काही भानुदासने पाहिलं नव्हतं, आणि ते कुणाला दाखवण्यासाठी काढलेलंही नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. खाली वाकून त्याने बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“मी काय करू, बाबा?”

“घरी जा. आईला समोर बसव,” बाबा म्हणाले. “आणि कागद घेशील तो... दोन्ही बाजूंनी कोरा बघून घे.”