अंतूतात्यांची विचारपूस

गावात वीज यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हा संगीत नाटकांच्या मंडळ्या बैलगाड्यांत पडदे आणि पेट्या घालून गावोगाव फिरायच्या. कृष्णाकाठच्या उंबरसोंड गावात अंताजी सोवनी नावाचे एक मास्तर होते. सगळे त्यांना अंतूतात्या म्हणायचे. शाळा सुटली की तात्या नाटकांवर लिहीत बसायचे. कुठली मंडळी कधी निघाली, कुणी कुठलं पद कसं म्हटलं, असा संगीत नाटकाचा सगळा इतिहास त्यांना लिहून ठेवायचा होता.

आणि लिहायचे तरी कसे! असं म्हणतात, की त्यांचं लिहिलेलं कुणी मोठ्यानं वाचलं, की ऐकणाऱ्याच्या कानात ते पद वाजू लागायचं. गावातली सगुणाकाकू अंगावरून वारं जाऊन अंथरुणाला खिळली होती. सुनेनं तिला साप्ताहिकातला तात्यांचा लेख वाचून दाखवला, तर म्हातारी बोटांनी ताल धरून म्हणाली, "अगं, पेटी जरा हळू वाजवायला सांग, गाणं झाकतंय."

त्या काळी लखूबुवा कोष्टी नावाचे नट होते. राणीचं सोंग घेऊन ते उभे राहिले, की बायका त्यांचं चालणं बघून चालायला शिकायच्या. आणि गळा असा, की त्यांनी वरचा षड्ज लावला की नदीपलीकडची गुरं माना वर करायची, असं म्हणतात.

एका जत्रेला त्यांची मंडळी उंबरसोंडला आली. त्या दिवशी लखूबुवांचा घसा सुजला होता, पाणीही उतरत नव्हतं. मालक म्हणाले, "बुवा, खेळ बंद ठेवू."

बुवा म्हणाले, "लोक लेकरं खांद्यावर घेऊन पाच कोसांवरनं आलेत. त्यांना काय सांगायचं?"

ते उभे राहिले आणि गायले. पण चढत्या तानेत आवाज फाटला. लोकांनी तरीही टाळ्या वाजवल्या. तात्या पुढच्याच रांगेत होते. रंगपट, म्हणजे नटांची रंगायची जागा, चार पावलांवर होता. तात्या आत गेले नाहीत. सरळ घरी गेले आणि त्यांनी लिहिलं, 'लखूबुवांच्या गळ्यातील तेल आता संपले.'

वाक्य छापून आलं, गावोगाव वाचलं गेलं. आणि जिथं जिथं वाचलं गेलं, तिथं लोकांच्या कानात तो फाटका आवाज शिरून बसला. महिन्याभरात बुवांचा घसा बरा झाला. ते पहिल्यासारखे गाऊ लागले. पण लोकांना काही केल्या ते ऐकू येईना. बुवा चोख सूर लावायचे आणि लोक एकमेकांकडे बघून म्हणायचे, "खरंच की हो, तेल संपलं." हळूहळू कनाती रिकाम्या राहू लागल्या. शेवटी बुवांनी राणीचा शालू मालकांच्या हाती दिला आणि ते आपल्या गावी जाऊन हातमागावर बसले.

पुढं त्याच मंडळीचा पेटीवाला उंबरसोंडला आला, तेव्हा तात्यांना सगळं कळलं. पेटीवाला म्हणाला, "तात्या, आत येऊन एका शब्दानं विचारलं असतंत, तर आम्ही सांगितलं असतं."

तात्यांना जेवण गोड लागेना. त्यांनी बुवांना न ऐकताच नवा लेख लिहिला, बुवांचा गळा सोन्याचा आहे म्हणून. तो छापूनही आला. पण वाचला तर कुणाच्या कानात काहीच वाजेना. नुसती अक्षरं. मग तात्या पायी निघाले आणि बुवांच्या दारात जाऊन उभे राहिले.

"बुवा, माझं चुकलं."

लखूबुवांनी माग थांबवला. "तुम्ही खोटं नाही लिहिलंत तात्या. गळा फाटलाच होता त्या दिवशी. पण एका दिवसाचं लिहायचं होतं, तुम्ही जन्माचं लिहिलंत."

"एकदा गा. मी पुन्हा लिहितो."

मागावर बसल्या बसल्याच बुवांनी राणीचं पद धरलं. तात्या डोळे मिटून, जीव कानात आणून ऐकत राहिले. पण त्यांना ऐकू आला तो फाटकाच आवाज. त्यांचंच वाक्य त्यांच्या कानात बसलं होतं. डोळे उघडून पाहतात तो आतल्या दाराशी बुवांची बायको पदरानं डोळे टिपत उभी. तिला वाचता येत नव्हतं, आणि ते वाक्य घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं.

"किती दिवसांनी असा लागला सूर," ती म्हणाली.

तात्या उंबरसोंडला परत आले. त्यांनी पुन्हा लेखणी हातात धरली नाही. इतिहास अर्धाच राहिला. मात्र पुढं गावात जी मंडळी येई, तिच्या रंगपटात ते ज्येष्ठमधाची काडी घेऊन जात आणि प्रत्येक नटाला विचारत, "आज तब्येत बरी आहे ना?"

तात्या गेले, बुवाही गेले. उंबरसोंडच्या जत्रेत आजही नाटक होतं. नांदीच्या आधी गावातलं कुणीतरी जाणतं माणूस ज्येष्ठमध घेऊन रंगपटात जातं आणि तोच प्रश्न विचारतं. त्याला 'तात्यांची विचारपूस' म्हणतात. वर्तमानपत्रातून कुणी आलं असेल, तर त्यालाही हाताला धरून आधी आत नेतात.

संगीत नाटकाचा इतिहास लिहिणारी माणसं कधीमधी गावात येतात. लखूबुवांविषयी त्यांना कुठंतरी छापलेलं ते एकच वाक्य सापडलेलं असतं. ती विचारतात, "बुवा खरोखर गायचे कसे?"

गावातली माणसं त्यांना चहा पाजतात, जत्रेला या म्हणतात. पण बुवा कसे गायचे, हे आता कुणालाच सांगता येत नाही.