डाव्या हाताची बिंदली

१४ ऑगस्ट, बुधवार. पहाटेपासून भुरभुर, वारा अजिबात नाही. काडेपेटीतली काडी तिसऱ्या-चौथ्या घासण्याला पेटत होती.

“…पण ओल्या बोटानं हलव्याचा काटा उतरवला, तर ते ओळखू येतं का?” टेंबेबाईंनी विचारलं.

आक्कांनी चष्मा काढून पदराला पुसला.

आक्का वाईला घाटामागच्या एका खोलीत राहतात. वय ब्याऐंशी. भरतकाम शिकवतात आणि संक्रांतीचे हलव्याचे दागिने शिकवतात. पैसे घेत नाहीत. आलेल्याला परतही पाठवत नाहीत. मी दर बुधवारी जातो. सध्या साखळी टाका चालू आहे.

टेंबेबाई त्यांच्या जुन्या शिष्या. शाळेत चित्रकला शिकवायच्या, आता निवृत्त. मंद आचेवर चमचा-चमचा पाक सोडत, बोटांनी परतत त्या साखरेच्या दाण्यावर असा काटा आणत की बोटाला टोचावा. मग एकेक दाणा दोऱ्यात गुंफून मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा. तालुक्याच्या हलव्याच्या दागिन्यांच्या स्पर्धेत लागोपाठ चार वर्षं पहिल्या आल्या. “माझा काटा आक्कांपेक्षा अणकुचीदार,” असं त्या चारचौघांत म्हणायच्या. आक्का म्हणायच्या, “खरं आहे.”

आज टेंबेबाई सात महिन्यांनी आल्या होत्या.

“नारकरांना जरा बाहेर बसायला सांगता का?”

“राहू दे त्याला. सकाळपासून एक पान भरलंय आणि दोन उसवलीत. पावसात कुठं पाठवू?”

मी मान खाली घातली.

“ऑगस्टात हलवा कुठून आठवला तुला?” आक्कांनी विचारलं.

“सहज. प्रयोग म्हणून.”

“प्रयोग.”

“छंदच आहे ना आपला. छंदाला महिना बघावा लागतो का?”

“छंद होता तेव्हा तू नाही बघायचीस. पहिल्या वर्षी आठवतं? काटा कसला, नुसते साखरेचे खडे. बोटं पोळलेली दहाच्या दहा. आणि हसत होतीस.”

टेंबेबाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

“तुम्ही ते खडे चहात घातलेत.”

“मग? साखर होती चांगली.”

दोघी थोडं हसल्या. पण ते हसू लवकर संपलं.

“आणलंयस ना?”

टेंबेबाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. डब्यात कापूस, कापसात एक बिंदली. बाळाच्या मनगटाएवढी, दोन पदरी, पांढरीशुभ्र. आक्कांनी हात पुढे केला. टेंबेबाईंनी बिंदली हातात दिली नाही. चिमटीत धरून समोर केली.

“अंगठ्याखाली काय आहे?”

“काही नाही.”

“मग काढ अंगठा.”

अंगठा बाजूला झाला. मी खिडकीशी होतो, उजेड चांगला होता. मला सगळे दाणे सारखेच दिसले.

“हे बदललेले आहेत,” आक्का म्हणाल्या.

“तीन.” टेंबेबाईंचा आवाज जरा वर गेला, त्यात पूर्वीचा ताठा होता. “तुमचे डोळे अजून शाबूत आहेत हं, आक्का. परीक्षकांनी भिंग लावून पाहिलं, त्यांना नाही कळलं.”

“मला दाणा दिसतच नाही, इंदू. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. पांढरं-पांढरं काहीतरी दिसतं तेवढंच… तुझा अंगठा दिसला.”

टेंबेबाईंनी बिंदली कापसावर ठेवली.

पन्हाळीतून पाणी पडत होतं.

बिंदली मिहूची होती. टेंबेबाईंची नात, त्यांच्या सुनेची, केतकीची मुलगी. जूनमध्ये मेंदूज्वरानं गेली, ताप आल्यापासून सहाव्या दिवशी. तेरा महिन्यांची होती. हे वाईत सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे मी सुई खाली ठेवली.

“बोरन्हाणाला घातली होती,” टेंबेबाई म्हणाल्या. “पाटावर बसवलं, मुकुट घातला, हार घातला. कशाला हात लावला नाही पोरीनं. डाव्या हातातली ही बिंदली मात्र तोंडात घातली. तीन दाण्यांचा काटा गेला.”

“मग?”

“काढून घेतली हातातून. फोटो व्हायचे होते अजून. आणि तीस तारखेला स्पर्धा…”

“रडली?”

“…थोडी. खुळखुळा दिला.”

“आणि दाणे बदललेस.”

“त्याच संध्याकाळी. यंदा दुसरा नंबर आला.”

आक्कांनी मान हलवली, ऐकल्याची खूण म्हणून. बाकी काही नाही.

“आता ते तीन तुला कशाला उतरवायचेत?”

टेंबेबाई डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिल्या. झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“केतकी येत्येय शनिवारी. माहेरी आहे ना ती, तेव्हापासून. झबली, दुपटी, पाळणा… काही नको म्हणाली. एकच मागितलंय. म्हणाली, आई, तिनं चोखलेली बिंदली तुमच्याकडे असेल ना, तेवढी मला द्या. तोंड कसं केलं होतं तिनं, आठवतंय का तुम्हाला…” त्या थांबल्या. “मला आठवत नाही, आक्का. माझं लक्ष बिंदलीकडे होतं.”

“तू काय म्हणालीस?”

“हो म्हणाले. आहे, जपून ठेवलीय, म्हणाले. फोनवर दुसरं काय म्हणणार?”

“हं.”

“काल घरी चार सुटे दाणे घेऊन बघितलं. ओलं बोट फिरवलं की काटा सगळीकडून सारखा उतरतो. चोखल्यासारखं दिसत नाही, ओल लागल्यासारखं दिसतं. कापूस लावून बघितला, कुंचला लावून बघितला. नाही होत. तुम्ही सांगा कसं करायचं. एकदाच. परत काही विचारायला येणार नाही.”

आक्का मांडीवरच्या कापडावरून हात फिरवत राहिल्या.

“तिला कळणार नाही. आणि कळून तरी कोणाचं भलं होणार आहे?”

आक्का गप्प.

“बोला ना काहीतरी!”

“काय बोलू?”

“तुम्हीच शिकवलंत मला,” टेंबेबाई एकदम म्हणाल्या. मोठ्यानं नाही, पण मी इतक्या वर्षांत त्यांना आक्कांशी असं बोलताना ऐकलं नव्हतं. “इथंच. पहिल्याच दिवशी. काटा गेलेला दाणा ठेवायचा नाही, एक दाणा सगळा दागिना घालवतो. मी वहीत लिहून घेतलं होतं. आठवतंय का तुम्हाला?”

आक्कांचा हात मांडीवरच्या कापडावर फिरत होता. तो थांबला.

“आठवतंय.”

…

“मीच शिकवलं,” आक्का म्हणाल्या.

मला वाटलं, आता टेंबेबाई उठून जातील. त्या उठल्या नाहीत. दोघी एकमेकींकडे बघतही नव्हत्या. आक्कांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ते त्यांचं हल्ली पावसाळ्यात येतंच. मी त्याबद्दल काही ठरवून लिहू शकत नाही.

मग त्यांनी डबा पुढे ओढला, चाचपून बिंदली उचलली आणि टेंबेबाईंच्या हातात ठेवली.

“ओल्या बोटानं होत नाही ते. लाळ लागते, ऊब लागते. तोंडात धर.”

“मी?”

“मग कोण?”

“मला डायबिटीस आहे.”

“तीन दाणे आहेत, इंदू.”

टेंबेबाईंनी बिंदली फिरवली, ते तीन दाणे शोधले. त्यांना शोधावे लागले नाहीत खरं तर, बोट नेमकं तिथंच गेलं. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

पुन्हा वळलो तेव्हा बिंदली त्यांच्या ओठांत होती. उरलेला गोल हनुवटीवर टेकला होता. डोळे मिटलेले. ओठ हलत नव्हते, गाल मात्र आत गेले होते. घड्याळात दहा पस्तीस झाले होते. छत्तीस झाले. नाकातून श्वासाचा आवाज यायला लागला, मग हनुवटी थरथरायला लागली आणि तिच्याबरोबर बिंदलीही.

“कसं लागतं?” आक्कांनी विचारलं.

टेंबेबाईंनी मान हलवली. सांगता येत नाही अशी.

आक्का थांबल्या. त्यांना घाई नव्हती.

टेंबेबाईंनी बिंदली तोंडातून काढली. तीन दाणे गुळगुळीत झाले होते, एका बाजूनं, काचेसारखे. त्यांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

“गोड,” त्या म्हणाल्या.

“तिला तेवढंच हवं होतं.”

२१ ऑगस्ट, बुधवार. पाऊस नाही, ऊनही नाही. टेंबेबाई सव्वादहाला आल्या आणि आक्कांना उभ्याउभ्याच सांगून गेल्या. शनिवारी केतकी अकरा वाजता आली. टेंबेबाईंनी तिला दाणे बदलल्याचं सांगितलं. गुळगुळीत दिसणारे तीन दाणे आपणच बुधवारी चोखले, हेही सांगितलं. केतकीनं एकच विचारलं, पहिले तीन कुठे टाकले. टेंबेबाईंनी मोरी दाखवली. केतकी मोरीपाशी जाऊन थोडा वेळ उभी राहिली आणि साडेबाराच्या गाडीनं परत गेली. बिंदली नेली नाही.