हत्तीच्या बदल्यात संघ

राजे भुजंगरावांनी मोरखिंडीचा फुटबॉल संघ एका हत्तीच्या बदल्यात शेजारच्या तळेगिरी संस्थानाला देऊन टाकला! बातमी सकाळी आली आणि दुपारपर्यंत अख्खं गाव राजवाड्यासमोर जमलं.

तसं गाव वर्षभर धुमसतच होतं. राजेसाहेबांनी त्या एका वर्षात तीन वस्ताद बदलले होते. गोलकीपर उंच आहे म्हणून त्याला पुढे खेळवलं, बुटका सुलेमान गोलात उभा केला आणि लाल शर्ट डोळ्यांना टोचतात म्हणून पिवळे शिवून घेतले. लोक मैदानात ओरडायचे, पण मालक पडले राजे. शिवीसुद्धा 'सरकार' अशी सुरुवात करून द्यावी लागे, त्यामुळे तिच्यातली निम्मी हवा तिथंच जायची.

गर्दीच्या पुढे सारजाक्का होती. सामन्याच्या दिवशी मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारायचं काम तिचं. दोरी न लावता अशी सरळ रेघ मारायची, की मोजणीवाल्यांनी मान खाली घालावी.

राजेसाहेब सज्जात आले. "कशाला जमलात? संघ माझा! शर्ट माझे, बूट माझे, चेंडू माझा. तुमचं काय आहे त्यात?"

"सरकार," सारजाक्का म्हणाली, "संघ म्हंजे काय एवढंच आसतंय व्हय?"

"मग केवढा असतो? तूच दाखव! सोमवारी तळेगिरीचे कारभारी हत्ती घेऊन येतील. तोवर संघाचं जे जे आहे ते गाड्यांत भर. संघाचं काही मागे राहिलं, नाहीतर संघाचं नसलेलं काही गाडीत चढलं, तर मैदानावर नांगर फिरवून ऊस लावीन!"

"आणि बरुबर भरलं तर?"

"मागशील ते देईन."

लोक परतले. गोलचे खांब संघाचे की सुताराचे, यावरच पारावर दोन तास भांडण झालं. सारजाक्का त्यात पडली नाही. ती मैदानात जाऊन बसली. वीस वर्षं तिनं त्या मातीवर रेघा ओढल्या होत्या. तिथं ऊस उभा राहिलेला तिला बघवला नसता. बऱ्याच वेळानं ती उठली आणि घरोघर जाऊन प्रत्येकाला एकच प्रश्न विचारून आली.

सोमवारी हत्ती आला. पाठोपाठ तळेगिरीचे कारभारी आले. राजेसाहेब बाहेर येऊन बघतात तो काय! राजवाड्यापासून वेशीपर्यंत बैलगाड्यांची रांग! पहिल्या गाडीत खेळाडू. त्यांच्यामागे तांबट, कासार, गुरव, शाळामास्तर, लेकुरवाळ्या बायका आणि राजवाड्याचा आचारी भागूजी, हातात झारा घेऊन.

"ही काय जत्रा आहे?" राजेसाहेब कडाडले. "हा तांबट! यानं जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही. हा संघाचा कसा?"

"सरकार, संघ हरला की ह्याच्या घरात चूल पेटत न्हाई."

हा मोरखिंडीचा रिवाजच होता. कुणी घालून दिलेला नव्हता. सामना हरला की त्या संध्याकाळी घास उतरायचाच नाही, मग चूल पेटवायची कुणासाठी? गेल्या वर्षात गाव चांगलंच रोडावलं होतं.

"ज्याचा घास आडतोय त्यो संघाचा," सारजाक्का म्हणाली. "दारोदार विचारून आलीया. शर्ट-बूट तळेगिरीतबी शिवून मिळत्याल, ह्यो आडलेला घास न्हाई मिळायचा."

"मग तो हलवाई खाली उभा राहून का रडतोय?"

"त्यो हरलो तरी दोन ताटं जेवतोय. लई हातापाया पडला, पर न्हाई चढवला. हुकूम म्हंजे हुकूम!"

तळेगिरीचे कारभारी घाम पुसू लागले. "महाराज, आम्ही अकरा माणसं मागितली होती. एवढ्यांना खायला कुठून घालायचं?"

"थांबा हो!" राजेसाहेब हटायला तयार नव्हते. "काय गं, सगळं भरलंस? मागे काही राहिलं नाही?"

"एक ऱ्हायलंय, सरकार."

"हरलीस!" त्यांनी टाळी वाजवली. "आणा रे नांगर!"

"गाड्या आजून हलल्या कुठं? पयल्या गाडीत जागा धरून ठेवलीया." ती मागे वळली. "भागूजीदादा, गेल्या सामन्यात आपण चार गोल खाल्लं. त्या सांजंला सरकारांच्या ताटाचं काय झालं?"

भागूजीनं झाऱ्याकडे पाहिलं. "खोटं कसं बोलू? जसं गेलं तसं माघारी आलं. पुरणपोळीसुदीक."

राजेसाहेबांचे कान लाल झाले.

सारजाक्कानं गाडीचा दांडा धरला, पदर सावरला आणि अदबीनं म्हणाली, "चढा, सरकार. आपलाच हुकूम हाय."

राजेसाहेबांनी गाडीकडे पाहिलं. बुटका सुलेमान जागा करून देत बाजूला सरकला होता. मग त्यांनी हत्तीकडे पाहिलं. आणि एकाएकी त्यांना असं हसू फुटलं, की पोट धरून ते पायरीवरच बसले! हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, त्यातलं थोडं हसण्याचं नव्हतं.

"कारभारी, हत्ती घेऊन जा! मला विकायला मी बसलेलो नाही. सारजाक्का, जिंकलीस! माग."

"संघ."

"कुणाला?"

"गावाला. गावानं संघाच्या कारभाराला पंच निवडायचं, पंचांनी वस्ताद निवडायचा."

"दिला! ताम्रपटावर कोरून दिला!" राजेसाहेब डोळे पुसत उठले. मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "आणि मी गं? मी सामन्याला यायचं की नाही?"

"या की, सरकार," सारजाक्का म्हणाली. "तिकीट काढून."