मिलकाबाईचा शनिवार

फार मागची गोष्ट, बरं का. आपल्या पणज्यांच्या पणज्याही तेव्हा जन्मल्या नव्हत्या. कोकणात खाडीकाठी वेळशेत गावात तेल्यांची आळी होती. ही माणसं ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून सगळे त्यांना शनिवार तेली म्हणायचे. त्यांतली मिलकाबाई विधवा. तोंडानं फटकळ, मनानं लोणी. तिनं डोक्यावर चिरे वाहून, अख्ख्या आळीला कामाला लावून प्रार्थनेचं घर बांधलं. त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं, तेव्हाच पोथ्या समुद्रात बुडालेल्या. एक प्रार्थना तेवढी तोंडपाठ, तीच सगळे म्हणायचे.

एकदा ठाण्याचा हवालदार आला. त्याला भाताला कोठार हवं होतं. आत डोकावून म्हणाला, "मूर्ती नाही, पोथी नाही. देव कुठाय इथं? रिकामं घर हे, आता माझं."

"देवाचा हुकूम आहे ना!" मिलकाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "शनिवारी कुणी राबायचं नाही. माझा चांद्या बैलसुद्धा पाळतो."

"बघू की! शनिवारी बैल फिरला, तर घर माझं."

झालं! शनिवारी शिपायांनी चांद्याला घाण्याला जुंपलं. म्हातारा बैल पाय रोवून उभा राहिला. शिपायानं आसूड उगारला. बोलून बसली मिलकाबाई, आणि मार खाणार तो! ती धावत मधे पडली. "घर घ्या हो, पण त्याला मारू नका! आज त्याच्या विसाव्याचा दिवस आहे." आणि ढसाढसा रडली.

असं म्हणतात, तेवढ्यात चांद्या खाली बसला. मग शेजारचा बैल बसला, आळीतले सगळे बसले. हवालदाराच्या गाडीचे बैलही भररस्त्यात बसले. त्याचं घोडंसुद्धा बसलं म्हणतात. आता घोडं कसं बसलं, ते मला विचारू नका.

हवालदाराची बोबडीच वळली. "बाई, घर तुझंच! पण हे उठणार कधी?"

"आभाळात तीन चांदण्या दिसल्या, की आमचा शनिवार सरतो. तोवर तुम्हीही बसा. आज चूल नाही, कालचं वाढते."

बसला बिचारा ओटीवर. जेवला, पेंगला. तीन चांदण्या दिसल्या आणि बैल कान झाडत उठले.

ते घर आजही उभं आहे, असं सांगतात. तेली मंडळी लांबच्या देशी गेली. किल्ली शेजारच्या कोळणीकडं असते. पण वेळशेतात शनिवारी अजून कुणी औत धरत नाही. मध्ये एका ट्रॅक्टरवाल्याला फार घाई होती. शनिवारीच निघाला शेतावर. वाटेत कोळीणआजीनं नुसतं विचारलं, "मिलकाबाईला काय सांगशील रे?"

त्यानं ट्रॅक्टर बंद केला, चावी खिशात घातली आणि आजीशेजारी ओटीवर जाऊन बसला.