कुंडीची लेकरं

कुंड्या आणि खुरपी आपसात बोलत असत, तेव्हाची गोष्ट. परसातल्या एका मातीच्या कुंडीत लेट्यूसचं बी पेरलं होतं. मूठभर रोपं उगवली आणि कुंडीला त्यांना कुठे ठेवू नि कुठे नको असं झालं.

खुरपं म्हणालं, "ताई, फार दाटी झालीय. थोडी रोपं शेजारच्या डब्यात लावू."

"नको रे दादा. मुळं दुखावली म्हणजे? माझ्याजवळच असू देत," म्हणत कुंडीनं माती घट्ट आवळून धरली. काठावरचं एकच रोप खुरप्याच्या हाती लागलं. त्या दिवशी कुंडीनं पाणीसुद्धा घेतलं नाही.

पुढे डब्यातल्या रोपाचा गड्डा छान भरला. कुंडीतली रोपं मात्र एकमेकांवर रेलून किडकिडीत वाढली.

"दादा, आता तरी ने रे यांना."

"आता मुळं गुंतलीत, ताई. एकाला ओढलं तर दुसऱ्याची तुटतील."

तेवढ्यात डब्यातून हाक आली, "आई, एवढा जीव होता तुझा माझ्यावर, तरी तू मला जाऊ दिलंस."

आपण सोडलं नव्हतं, ते हातून निसटलं होतं, हे कुंडीला लेकराला सांगता आलं नाही.